नळी आणि घास

आपल्याकडे माया मोजायची ती घासाने. बाळाला काऊचिऊचा घास, रुसलेल्याला समजुतीचा घास, आजाऱ्याला मऊ पेजेचा घास. म्हणूनच 'नाकातून नळी घालावी लागेल' असे डॉक्टर म्हणाले की घरच्यांचा धीर सुटतो. 'एवढी वेळ आली का?' हा प्रश्न मी अनेक घरांतून ऐकला आहे.

माझ्या मते ही धास्ती पुष्कळदा अनाठायी असते. पक्षाघातानंतर अनेकांचे गिळणे बिघडते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे काही आठवड्यांत सुधारतेही. तोवर अन्न, पाणी, औषध पोटात पोचवायचे काम ही नळी करते. इंग्रज डॉक्टर जॉन राइल यांच्या नावावरून तिला 'राइल्स ट्यूब' म्हणतात. गरज महिना-दीड महिन्याहून लांबली, तर दुर्बिणीच्या मदतीने पोटावरून थेट जठरात नळी बसवता येते. हा उपाय १९७९ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे एका तान्ह्या बाळावर प्रथम झाला.

मला अधिक भीती वाटते ती मायेपोटी चोरून पाजलेल्या चहाची. अशा रुग्णाला पाण्यासारखे पातळ पदार्थच गिळायला अवघड जातात. घोट श्वासनलिकेत उतरतो, कधी ठसकाही लागत नाही आणि न्यूमोनिया होतो. नळी असली तरी हा धोका पुरता टळत नाही. म्हणून भरवण्यापूर्वी नळी जागेवर आहे याची खात्री करावी, उशाकडची बाजू उंच ठेवावी, अन्न सावकाश सोडावे, मागून पाणी घालावे आणि निदान अर्धा तास रुग्णाला आडवे करू नये.

मात्र प्रत्येक रुग्णाला नळी हवीच, असेही नाही. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढते, असे दिसून आलेले नाही. उलट रुग्ण ती उपसतो आणि मग त्याचे हात बांधण्याची पाळी येते. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०१४ मध्ये अशा रुग्णांसाठी नळीऐवजी हातानेच जपून भरवण्याची शिफारस केली. तिथे दोन चमचे खाल्ले तरी पुरे मानावे.

तेव्हा नळीचे नाव निघताच रडत बसू नये, की मुकाट मानही डोलवू नये. नळी कशासाठी, किती दिवस आणि गिळण्याची पुन्हा तपासणी केव्हा, हे तीन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावेत. उत्तर ऐकून घरच्यांनी नळीला होकार दिला काय किंवा नकार दिला काय, त्यांना निष्ठुर ठरवण्याचा अधिकार भेटायला आलेल्या पाहुण्यांना नाही.