वैशाखातली होळी

एप्रिलचा दुसरा आठवडा आला की आमच्या बेळगावात शाळांचे निकाल लागतात आणि पोरं उधळतात. तिकडं सीमेपलीकडं चंदगड-गडहिंग्लजला तेव्हा परीक्षाच चालू असतात. तिथली भावंडं मे उजाडल्यावर मोकळी होतात, ती जूनच्या मध्यापर्यंत. आमच्या शाळांची घंटा मात्र मेच्या शेवटीच वाजते. म्हणजे एकाच आजीची नातवंडं, पण सगळी एका पंगतीला बसण्याचे दिवस जेमतेम तीन-साडेतीन आठवड्यांचे. सीमाभागातल्या घरांना हे गणित तोंडपाठ आहे.

या दिवसांवर शिबिरवाल्यांचाही डोळा असतो. पोहणं, अबॅकस, हस्ताक्षर सुधारणा, व्यक्तिमत्त्व विकास! वर्तमानपत्राची घडी उलगडली की चार पत्रकं खाली पडतात. माझी कॉलेजची पेपर तपासणी याच दिवसांत असते, त्यामुळं पोरांना कुठंतरी अडकवून टाकावं असा मोह मलाही होतो. पण यंदा आमच्या घरात दुसरंच एक शिबिर भरलं. त्याचं पत्रक निघालं नव्हतं.

माझ्या सासूबाई बैलहोंगल तालुक्यातल्या, माहेर मलप्रभेच्या काठचं. मुलं त्यांना अज्जी म्हणतात आणि खानापूरकडच्या माझ्या आईला आजी. एका 'ज'चा काय तो फरक! अज्जी आमच्याकडं राहायला आल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. मराठीचा गंध नव्हता. शेजारच्या काकूंबरोबर पापड लाटता लाटता त्या मराठी शिकल्या. त्या मराठीत खुर्ची, चहा, गाडी सगळंच 'ते' असायचं, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला पुरुष-बाई नसते. पुढं नातवंडं झाली तेव्हा त्यांच्याशी मराठीतच बोलायचं, हेही त्यांनीच ठरवलं. सुनेची भाषा ती पोरांची भाषा, असा त्यांचा साधा हिशेब होता.

गेल्या दिवाळीपासून मात्र ती मराठी विरायला लागली. आधी शब्द अडले. मग वाक्याच्या मध्येच कन्नड यायला लागलं. संक्रांत उलटली आणि मराठीत काही विचारलं तर त्या नुसत्या बघत राहू लागल्या. डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर स्मरण कमी होऊ लागलं की बऱ्याच जणांच्या बाबतीत नंतर शिकलेली भाषा आधी मागं पडते आणि लहानपणची टिकून राहते. औषधं चालू आहेत, पण गेलेली मराठी परत येईल अशी आशा त्यांनी दाखवली नाही.

आता प्रश्न मुलांचा. तशी दोघंही शाळेत कन्नड शिकतात. आठवीत गेलेल्या मोठीला त्यात ऐंशीच्या वर गुण असतात. पण पाठ्यपुस्तकातली कन्नड वेगळी आणि आमच्या बैलहोंगलकडची वेगळी. पुस्तकात 'मने' असतं, अज्जी 'मनी' म्हणते. पुस्तकात 'बेसिगे रजे' असते, अज्जीच्या तोंडी 'ब्यासगी सूटी'. (ही 'सूटी' मराठीतूनच तिकडं गेलेली, हे सांगितल्यावर मोठीचा विश्वास बसेना.) गुणपत्रिका चांगली आणि घरातल्या म्हातारीशी चार वाक्यं बोलता येत नाहीत, असं ते कोडं होतं.

एके दुपारी मी गच्चीवर सांडगे घालत होते. आकाशाच्या एका कोपऱ्यात ढग जमले होते. आपल्याकडचा वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. इतक्यात धाकटा धावत वर आला. "आई, अज्जीला होळीची पोळी हवीय!" खाली गेले तर अज्जी पायरीवर बसून एकच घोकत होत्या, "होळिगे होगूण, होळिगे होगूण." कन्नड जाणणाऱ्या वाचकांना एव्हाना हसू आलं असेल. 'होळगी' म्हणजे पुरणपोळी, आणि 'होळी' म्हणजे नदी. ऱ्हस्व-दीर्घ 'ओ'चाच काय तो फरक, आणि तो देवनागरीत दाखवायची सोय नाही. अज्जीला पोळी नको होती, सणही नको होता. तिला नदीवर जायचं होतं.

त्या दिवशी सांडगे भिजले. संध्याकाळी यांनी जाहीर केलं, "या सुट्टीत अज्जीला मलप्रभा दाखवायची, उगमापासून संगमापर्यंत. आणि गाडीत कुणी भाषांतर करायचं नाही." दुसरी अट खास माझ्यासाठी होती, हे मला कळलं.

पहिली फेरी कणकुंबीची. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याच्या रस्त्याला लागायचं. वाटेत खानापूरला वळसा घालून माझ्या आईलाही घेतलं. मागच्या सीटवर दोन विहीणबाई, मध्ये करवंदांचा द्रोण. आईची कन्नड खानापूरच्या बाजारापुरती, सासूबाईंची मराठी आता नाहीच. तरी दीड तास दोघी बोलत होत्या. एक मराठीत, एक कन्नडमध्ये, आणि दोघीही "हं, हं" म्हणत होत्या. काय कळत होतं देव जाणे, पण करवंदं बरोबर निम्मी-निम्मी संपली.

कणकुंबीला पावसाळ्यात छत्री टिकत नाही, इतका पाऊस. एप्रिलमध्ये मात्र देवळाजवळच्या कुंडात शांत पाणी, आणि पुढं नदी अशी काही दिसत नाही. दगड, पालापाचोळा, मध्येच ओल. याच भागातला कळसा नाल्याचा वाद आपण सगळेच वर्षानुवर्षं वाचतो आहोत. २०१८ साली लवादाचा निवाडा येऊनही तो मिटलेला नाही. त्या वादात मी इथं शिरत नाही. आमच्या धाकट्याला फक्त अज्जीला सांगायचं होतं, की नदी इथंच आहे. कन्नडमध्ये 'इल्लि' म्हणजे इथं. पण घाईत तो म्हणाला, "अज्जी, होळी इल्ल!" 'इल्ल' म्हणजे नाही. अज्जींनी कोरड्या दगडांकडं नीट पाहिलं आणि मान डोलावली. "हौद. होळी इल्ल." नातू चुकून खरं बोलला होता. मोठी पोट धरून हसली, मग आम्ही सगळेच. अज्जीही हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

त्यानंतरच्या फेऱ्या फुटकळच झाल्या. एका रविवारी नंदगड आणि हलशी. संगोळ्ळी रायण्णांचा जन्म संगोळ्ळीचा, म्हणजे माझ्या सासरच्या मुलखातला, आणि १८३१ साली त्यांना फाशी दिलं ते माझ्या माहेरच्या मुलखात, नंदगडला. लहानपणी आम्ही त्या समाधीपाशी टांगलेले लाकडी पाळणे बघायला जायचो. मूल व्हावं म्हणून लोक तिथं पाळणे बांधतात. हलशीचं भूवराह-नरसिंहाचं देऊळ तिथून जवळच. गोव्याच्या कदंबांच्या काळातलं हे देऊळ, दोन गाभारे समोरासमोर असलेलं. ऐन दुपारीही आत गारवा असतो. उन्हाळ्यात तिथं जावं आणि खांबाला पाठ टेकून नुसतं बसावं, असं माझं मत आहे. आमच्याकडचे लोक उठून गोव्याच्या किनाऱ्यावर घामाघूम होतात आणि हलशी मात्र बघायची राहते.

दुसऱ्या रविवारी सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ धरण. 'नवील' म्हणजे मोर, हे मोठीनं स्वतःहून फोडून दाखवलं, "मोराचं तीर्थ!" तिनं एक वही केली होती. अज्जीचे शब्द ती देवनागरीत लिहून घेई आणि समोर पुस्तकातला शब्द कन्नड लिपीत. पंधरा दिवसांत वहीची अकरा पानं भरली.

मध्ये बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती आणि लगेच दुसऱ्या दिवशी तृतीयेची बसवजयंती. आपल्या गावात हे दोन दिवस असे हातात हात घालून येतात. पुढं चित्ररथांच्या मिरवणुकीला यांनी मुलांना खांद्यावर-कठड्यावर बसवून पहाटेपर्यंत जागवलं. अज्जींना गर्दी सोसत नाही, त्या घरी राहिल्या. पण बसवजयंती झाल्यावर त्यांना एकच ध्यास लागला, कूडलसंगमला जायचा.

कूडलसंगम बागलकोट जिल्ह्यात. तिथं मलप्रभा कृष्णेला मिळते. सुमारे ३०० किलोमीटर चालून आलेली नदी तिथं संपते. भल्या पहाटे निघालो. बेळगावचा उन्हाळा तसा मवाळ, तिकडं मात्र नऊलाच डोळ्यांपुढं झळा. वाटेत पट्टदकल्लला थांबलो. आठव्या शतकातली चालुक्यांची देवळं, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली. इथं मलप्रभा उत्तरेकडं वळते. मुलांना देवळांपेक्षा सावलीतली ताकवाली बाई जास्त आवडली. धाकट्यानं तिच्याकडं स्वतः "इन्नोंद मज्जगी" मागितली आणि मिळाली. तो पेला त्यानं विजयचिन्हासारखा उंच धरला.

संगमावर बसवण्णांचा ऐक्यमंडप आहे. नारायणपूर धरणाच्या फुगवट्यात तो बुडू नये म्हणून भोवती विहिरीसारखी भिंत बांधली आहे. चहूबाजूंनी पाणी आणि आपण पायऱ्या उतरून खाली जायचं. अज्जींना पायऱ्या जमणार नव्हत्या. त्या वर सावलीत बसल्या. धाकटा त्यांच्यापाशी राहिला. मी परत आले तेव्हा त्यानं विचारलेलं शेवटचं वाक्य कानावर पडलं, "अज्जी, होळी येल्लि होतु?" नदी गेली कुठं?

आणि अज्जी बोलायला लागल्या. थांबल्याच नाहीत. त्यांचं लग्न ज्येष्ठातलं. लग्न लागलं त्याच रात्री पहिला मोठा पाऊस कोसळला आणि सकाळी मलप्रभा दोन्ही काठ भरून वाहत होती. पलीकडं सासर. वऱ्हाड काठावर खोळंबलेलं. शेवटी हरिगोल आणला, तो टोपलीसारखा गोल, कातडं मढवलेला. एका खेपेला चौघं. हरिगोल पाण्यात गरगर फिरायचा. नवरी, करवली, ट्रंक आणि नावाडी. ट्रंकेत आईनं दिलेली शावगी होती, ती भिजू नये म्हणून चौदा वर्षांच्या नवरीनं ती ट्रंक डोक्यावर धरली होती आणि डोळे मिटले होते. काठावर ठेवून आलेल्या आईला शेवटचं बघायचं राहिलं ते त्यामुळं.

वीस वर्षं मी या बाईच्या हाताखाली स्वयंपाक केला. "माझं लग्न पावसात झालं," एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. मराठीत. त्यांच्या मराठीला तेवढंच पेलत होतं. दूध उतू गेलं, गॅस संपला, पोराला ताप आहे, हे सगळं त्या मराठीत मावायचं. नदी, ट्रंक आणि आई मावत नव्हती.

मुलांना निम्मं कळलं असेल. यांनी घातलेली अट मी पाळली, मधे पडले नाही. 'हरिगोल' मोठीनं वहीत लिहिलं आणि शेजारी चित्र काढलं. परतीच्या वाटेवर धाकटा झोपला. अज्जी खिडकीतून बाहेर बघत होत्या.

मे लागल्यावर चंदगडची भावंडं आली आणि घराचा उकिरडा झाला. फणस फोडले, गच्चीवर कुरडया दुसऱ्यांदा घातल्या. अज्जींनी जमिनीवर खडूनं चौकाबाराचा पट आखला. बोटांना तो बरोबर आठवत होता. चार कवड्या उताण्या पडल्या तर चौका, म्हणजे चार. चारही पालथ्या पडल्या तर बारा, म्हणजे आठ. चंदगडचा भाचा उसळला. "बारा म्हणजे आठ कसे? बारा म्हणजे बारा!" अज्जींनी एक शब्द न बोलता त्याची सोंगटी उचलली आणि आठ घरं पुढं ठेवली. पुढचे तीन आठवडे रोज दुपारी याच मुद्द्यावर सभा भरत होती. भांडण मराठीत, निकाल कन्नडमध्ये.

आता शाळा सुरू झाली आहे. संध्याकाळी धाकटा दप्तर टाकतो तेव्हा अज्जी विचारतात, "यावाग बंदी?" कधी आलास? तो म्हणतो, "ईग बंदे." पाच मिनिटांनी त्या पुन्हा विचारतात. तो पुन्हा म्हणतो, "ईग बंदे." कधी सात वेळा, कधी आठ. मोठी वहीत नवीन शब्द लिहिते. कधी अज्जीच तिला दोनदा तोच शब्द सांगतात, ती दोनदा लिहून घेते.

भाच्यानं जाताना चार कवड्या मागून नेल्या. परवा वहिनींचा फोन आला होता. त्यांच्या गल्लीत आता बारा म्हणजे आठ, आणि गणिताच्या बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली आहे.