सोपा स्वयंपाक कोणाला सोपा?

‘टोफू’ हा शब्द आमच्या घोडपदेवच्या चाळीत आला तो आईबरोबर. आई लालबागच्या एका टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाते. जेथे पूर्वी गिरणीचा भोंगा वाजत असे, तेथे आता उंच मजल्यावर ती भाज्या चिरते. तिथल्या बाईंनी मांसमच्छीच नव्हे, दूध-दहीसुद्धा सोडले आहे. एकदा उरलेले तीन तुकडे आईने डब्यातून आणले. आजीने एक तोंडात टाकला व म्हणाली, “पनीरच हाय, पण आजारी.”

आम्ही हसलो. पण माझा वाद टोफूशी नाही. ‘पंधरा मिनिटांत सोपा स्वयंपाक’ या शब्दांशी आहे. त्या पंधरा मिनिटांत पाणी भरणे, भायखळ्याहून भाजी आणणे, निवडणे, भांडी घासणे हे कोणी धरत नाही.

आजीने एका खोलीत अठरा गिरणी कामगारांची खाणावळ चालवली. पहाटे चारला स्टोव्ह पेटे. काळे वाटाणे, मटकी, कुळीथ, वांगे-बटाटा. मटण फक्त रविवारी. म्हणजे सहा दिवस शाकाहारच, पण त्याचे कौतुक कोणी केले नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा खाणावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. आजी त्यात गेली नाही. आजोबा म्हणाले, बायकांच्या सह्या घरात शोभतात. (घरात कसल्या सह्या असतात, हे मला अजून कळलेले नाही.) १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजीचे जेवणारे एकेक करून गावी गेले. त्यांच्या उधारीची वही अजून ट्रंकेत आहे.

आता आमच्या घरातले सांगतो, आणि ते सांगताना लाज वाटते. आईला यायला रात्रीचे साडेआठ होतात, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक धाकट्या बहिणीकडे. ती बारावीला. मी घराण्यातला कॉलेजात गेलेला पहिला, म्हणून मला ग्रंथालयात बसायची मोकळीक! पूर्वपरीक्षेत ती अर्थशास्त्रात नापास झाली आणि ‘आता शिक्षण पुरे’ असे बोलणे निघाले. त्या रात्री तिनेच केलेली भाकरी खात मी गप्प बसलो होतो.

दुसऱ्या आठवड्यापासून चार संध्याकाळी स्टोव्हपाशी मी उभा राहू लागलो. पहिला प्रयोग टोफूचाच, कारण दुकानातला आम्हांला परवडत नाही. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवले, साले काढली, वाटून कापडाने दूध गाळले. ते नीट उकळावे लागते. कच्चे सोयाबीन पचत नाही आणि वासही उग्र येतो. मग आच बंद करून लिंबाचा रस थोडा थोडा घातला. फुटलेले दूध फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला. तासाभरात जवळपास तीनशे ग्रॅमची वडी झाली. चोथा आजीने थालीपिठात ढकलला. कांदा, टोमॅटो, हळद, मिरची घालून भुर्जी केली तेव्हा ‘आजारी’ पनीर बरे झाले.

हे सोयाबीन मराठवाडा-विदर्भातले. २०२५-२६ साठी सरकारने त्याचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये. तेल काढल्यावर उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि त्याच दाण्याची पांढरी वडी काचेच्या दुकानात श्रीमंतांचे पथ्य म्हणून विकली जाते. आमच्यासारख्यांनी तिला परकी का मानावी?

मी बोंबील सोडा म्हणत नाही. मी स्वतः सोडणार नाही. पण कुळथाची पिठी, मटकीची उसळ, टोफूची भुर्जी हे मुलांच्या हाताला जमणारे पदार्थ आहेत. आपल्या वर्गातली किती मुले उसळीला मोड आणू शकतात? विचारले तर हसतात. चाळीतही हसले. शेजारचे काका म्हणाले, “बी. ए. होऊन आचारी होणार काय?” आजीनेच आतून उत्तर दिले, “अठरा जणांची आचारीण होते मी. तुमचा बाप जेवला होता.”

बहीण परीक्षेला बसली आहे. निकाल यायचा आहे. उद्याची पाळी माझी, म्हणून आत्ता उठून मटकी भिजत घालतो.