एकट्याची केबिन, दोघांचे भाडे

क्रूझच्या जाहिरातीतले भाडे माणशी असते, पण ते एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून लावलेले. यालाच ट्विन शेअरिंग म्हणतात. एकटा प्रवासी आला की दुसऱ्या पलंगाचे पैसे बुडतात. शिवाय दुसऱ्या माणसाने बारमध्ये, स्पामध्ये आणि किनाऱ्यावरच्या सहलींवर केला असता तो खर्चही हातचा जातो. ही तूट कंपन्या ‘सिंगल सप्लिमेंट’ लावून भरून काढतात. हा आकार शंभर टक्के असेल, तर माणशी ५०,००० रुपयांच्या सफरीला एकट्याला एक लाख मोजावे लागतात. बंदराचे कर आणि कर्मचाऱ्यांची रोजची टिप मात्र माणशी असल्याने सहसा एकदाच पडते.

२०१० साली आलेल्या ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर एकट्यांसाठी १२८ स्टुडिओ केबिन बांधल्या गेल्या. प्रत्येकीचे क्षेत्रफळ जेमतेम १०० चौरस फूट. खिडकी आहे, पण तिच्यातून समुद्राऐवजी कॉरिडॉर दिसतो. जागेची ही कसर भरून काढायला फक्त स्टुडिओवाल्यांसाठी वेगळे लाउंज ठेवले आहे. ‘क्वीन मेरी २’वर २०१६च्या नूतनीकरणात अशा १५ केबिन आल्या, त्यांना समुद्राकडे खिडक्या आहेत. अशा केबिन मोजक्याच असल्याने लवकर भरतात. त्या नेहमी स्वस्तच पडतात असेही नाही. सप्लिमेंट कमी केलेली दोघांची केबिन कधी कधी परवडते. म्हणून एकूण रकमेचा हिशेब मांडूनच बुकिंग करावे.

जहाजावर वेळ घालवणे त्या मानाने सोपे. जेवणाची ठरावीक वेळ घेऊन मोठ्या सामायिक टेबलावर जागा मागितली, की रोज तीच माणसे भेटतात आणि ओळखी वाढतात. अनेक जहाजांच्या दैनंदिन कार्यक्रमपत्रिकेत एकट्या प्रवाशांच्या भेटीची वेळही छापलेली असते. ‘क्वीन मेरी २’वर तर जोडीदाराविना आलेल्यांसोबत नाचायला खास डान्स होस्ट नेमलेले असतात.

बंदरात उतरल्यावर मात्र सावध राहावे लागते. जहाजाच्या सहलीला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे आणि स्थानिक पोर्ट एजंटचा फोन नंबर खिशात असावा. आजारपणात धावपळ करायला सोबत कुणी नसते आणि जहाजावरचे उपचार महागडे असतात, त्यामुळे प्रवास विमा हवाच.

कॉर्डेलिया क्रूझेसने २०२१मध्ये मुंबईहून सफरी सुरू केल्या. पहिल्यांदाच एकट्याने निघणाऱ्याला मुंबई-गोव्यासारखी दोन-तीन रात्रींची सफर सोयीची: सप्लिमेंट तेवढ्याच रात्रींचे पडते, आणि लांबच्या सफरीचे पैसे भरण्याआधी हा प्रकार आपल्याला मानवतो का, हेही कळते.