४ दिवस आणि ४६ वर्षं

परमवीरचक्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बंदूक, आरोळी आणि शेवटी हार घातलेला फोटो. परमवीर म्हणजे तरुणपणीच गेलेला माणूस, असं आपण धरूनच चालतो. मेजर रामा राघोबा राणे मात्र ७६ वर्षं जगले. लग्न, मुलंबाळं, निवृत्ती, सगळं रीतसर झालं आणि ११ जुलै १९९४ ला ते पुण्यात गेले.

मी त्यांच्याबद्दल वाचायला लागलो ते 'आपल्यातला' इंजिनियर म्हणून. (आमच्यासारखा कॅम्पसमधून उचललेला नव्हे!) जन्म १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडियेचा. वडील पोलिसात. हे १९४० साली बॉम्बे इंजिनियर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले.

मग एप्रिल १९४८. आपलं सैन्य नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालेलं. वाटेत पेरलेले सुरुंग आणि आडवी पाडलेली मोठाली झाडं. ८ तारखेला काम सुरू होतंय तोच उखळी तोफांचा मारा झाला. २ जण ठार, ५ जखमी, आणि जखमींत राणे स्वतः. तरी पुढचे तीन दिवस तेच चाललं होतं. सुरुंग काढा, झाड उडवा, वळणरस्ता करा, रणगाडे पुढे जाऊ द्या, की पुन्हा पुढचा सुरुंग. ११ तारखेला सकाळी ६ ला हात घातलेलं काम रात्री १० पर्यंत. १२ ला राजौरी ताब्यात आली. राणे तेव्हा २९ वर्षांचे होते. मी आत्ता आहे जवळपास तेवढेच.

या सगळ्या हकिकतीत त्यांनी शत्रूचे किती मारले हा आकडा कुठे येत नाही, आणि मला नेमकं तेच भावतं. मोजायचं तर किती रस्ता मोकळा झाला ते मोजायचं. धाडस म्हणजे एका क्षणाचा भडका, ही आपली सिनेमातून आलेली समजूत. इथे भीती रोज सकाळी नव्याने समोर, आणि हात मात्र स्थिर ठेवायचे.

आणि त्यानंतरची ४६ वर्षं? १९५५ साली लग्न झालं, १९६८ ला मेजर म्हणून निवृत्त झाले. सगळे लेख इथे दोन ओळींत आटपतात. कारवारला त्यांचा पुतळा आहे, २०२३ साली अंदमान-निकोबारमधल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं. छानच आहे. पण हे सगळं त्या ४ दिवसांसाठी. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तिशीच्या आत झालेला माणूस उरलेली वर्षं बाजारहाट, मुलांचे अभ्यास, सकाळचा चहा यांत कसा रमत असेल, हे मला पदकापेक्षा जास्त जाणून घ्यावंसं वाटतं. आमच्या पिढीला तर एक अप्रेझल चुकलं की आयुष्य वाया गेल्यासारखं वाटतं.

असो. आमच्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदार काका आहेत. २६ जानेवारीला आम्ही त्यांना झेंड्यापाशी उभं करून फोटो काढतो, आणि एरवी मीटिंगमध्ये ते पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलले की लोक मोबाइल बघायला लागतात. मुलं त्यांना एकच विचारतात, "काका, किती मारले?" काका हसून विषय बदलतात. परवा मी विचारलं, एवढ्या उंचावर पिण्याचं पाणी कसं आणायचात? तर दोन तास बोलत होते. शेवटी काकूच बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, त्याला जेवायला तरी सोडा!"