मेल्यावरची कीर्ति

ग्रामोफोन कंपन्यांनीं गरीब गायकांस अमर केलें, असा सिद्धांत कांहीं रसिक मोठ्या आवेशानें मांडीत असतात, व पुराव्यादाखल ब्लाइंड विली जॉन्सन या अमेरिकन गायकाचें नांव पुढें करतात. टेक्सासमधील हा अंध, कृष्णवर्णीय भजनगायक. त्याचें १९२७ सालचें एक गाणें १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून ताऱ्यांच्या दिशेनें निघालें. याहून अधिक तें काय हवें, असा या मंडळींचा सवाल आहे. आम्ही म्हणतों, पुष्कळच हवें होतें!

हिशेबच पाहूं. १९२७ च्या डिसेंबरांत डॅलस येथें आरंभ करून १९३० च्या एप्रिलांत अटलांटा येथें शेवट होईपर्यंत कोलंबिया कंपनीनें त्याचीं तीस गाणीं ध्वनिमुद्रित केलीं व कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठीं काढलेल्या वेगळ्या मालिकेंत विकलीं. अशा गायकांच्या हातावर ठोक रक्कम टेकवून विक्रीचा नफा आपणांकडे ठेवणें ही तेव्हांच्या धंद्याची सर्रास रीत होती. मंदी आली, विक्री ढासळली, आणि गायकाची गरज संपली! पुढील पंधरा वर्षांत त्याचें एकही नवें गाणें मुद्रित झालें नाहीं. १९४५ सालीं बोमॉन्ट येथें तो हिवतापानें वारला. घर जळाल्यावर ओल्या अंथरुणावर निजावें लागलें होतें, असें त्याच्या पत्नीनें पुढें सांगितलें.

‘तो काय, निसर्गदत्त गळ्याचा अडाणी गवई!’ असें म्हणून या अन्यायाची धार बोथट करणारेही आहेत. त्यांनीं तें गाणें कान देऊन ऐकावें. त्यांत एकही शब्द नाहीं. केवळ हुंकार आहेत, आणि गिटारच्या तारांवरून घसरत येणारी मींड त्यांस उत्तर देते. इतर गाण्यांत तो ओळीचा शेवट मुद्दाम गाळतो व गिटारकडून वदवितो. ही कारागिरी आहे. आणि कारागिरास मजुरी देणें लागतें.

त्याच तबकडीवर गोमंतकांत जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. बाईंस रसिकांचा आश्रय लाभला. १९६९ सालीं, हयातींतच, पद्मभूषण मिळालें. अवकाशांत दोघांची पंगत एकच. पृथ्वीवर मात्र एकीस पाट मिळाला, दुसरा दाराशींच राहिला.

कलावंताचा गौरव त्याच्या कानीं पडेल अशा वेळीं करावा, आणि मोल त्याच्या हातीं पडेल अशा रीतीनें द्यावें. मरणोत्तर तबकडी, मग ती सोन्यानें मढविलेली कां असेना, ही ऋणाची फेड नव्हे.