विश्लेषण : बंपरच्या तीन हजारांसाठी साडेबारा हजार का जातात?

पावसाळ्यात महाड-पोलादपूर पट्ट्यात गाडीला ओरखडा न पडता हंगाम सरला, तर ते नशीबच. कशेडी आणि आंबेनळी घाटातले धुके, मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे, त्यात गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी. बंपर दबतो, दार चेपते. गॅरेजवाला विचारतो, ‘क्लेम टाकायचा का?’ या प्रश्नाची खरी किंमत कळते ती विमा नूतनीकरणाच्या वेळी.

बोनस कशाचा मिळतो?

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा हप्ता वेगळा. ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत फक्त या दुसऱ्या भागावर मिळते. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. एक दावा मंजूर झाला की सगळे शून्यावर.

चूक कोणाची, हे इथे पाहिले जात नाही. घाटात मागून ट्रकने ठोकले आणि भरपाई आपल्याच पॉलिसीतून घेतली, तरी बोनस जातो. नावातच ‘नो क्लेम’ आहे, ‘नो फॉल्ट’ नाही.

हिशेब काय सांगतो?

समजा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता १० हजार आहे आणि ५० टक्के बोनसमुळे ५ हजारच भरावे लागतात. बंपर बदलायला ८ हजार खर्च आला. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा वजा होतो, म्हणजे उरले ४ हजार. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला त्यातून सक्तीचे १ हजार आणखी कापले जातात. हातात ३ हजार.

आता पुढची वर्षे. बोनस गेल्याने १० हजार, नंतर ८ हजार, साडेसात, साडेसहा, साडेपाच असे भरत पुन्हा ५ हजारांवर यायचे. जादा गेले साडेबारा हजार. गाडीची किंमत घटते तसा हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल. झिरो डेप्रिसिएशन घेतले असेल तर भरपाई ७ हजार मिळेल, तरी तोटाच. खर्च ५०-६० हजारांचा असेल तर मात्र दावा न करणे हाच वेडेपणा. बोनस वाचवणारे वेगळे पूरक संरक्षण घेतले असेल, तर हे गणित बदलते.

दावा अडकला असेल तर?

इथे अनेकजण फसतात. बोनसच्या नियमात ‘दावा केलेला नाही’ एवढेच पुरत नाही, तो प्रलंबितही नसावा लागतो. फोनवरून नुकसान कळवले, सर्व्हेअर येऊन गेला, मग मालकाने खिशातून दुरुस्ती करून विषय सोडला. कंपनीच्या नोंदीत दावा उघडाच राहतो आणि नूतनीकरणात बोनस दिसत नाही. दावा मागे घेतला असेल, तर तो रक्कम न देता बंद झाल्याचे कंपनीकडून लेखी घ्यावे. त्या आधारे बोनस परत मागता येतो. दुसऱ्या कंपनीत जाऊन ‘दावा नाही’ असे लिहून देणे महागात पडते. जुन्या कंपनीकडे पडताळणी होते आणि पुढची भरपाई कापली किंवा नाकारली जाऊ शकते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडाले तेव्हा अशा दाव्यांचे वेगळेच रूप समोर आले. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान धरले जाते. पण पाणी शिरलेल्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिन गेले, तर इंजिनचे वेगळे संरक्षण नसल्यास त्या खर्चावर वाद होतो. मोठा दावा असा रेंगाळतो आणि पॉलिसीची मुदत मधेच संपते.

म्हणून नूतनीकरण थांबवायचे का?

मुळीच नाही. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर साठलेला बोनस जातो. शिवाय विम्याविना गाडी चालवताना पहिल्यांदा पकडले तर २ हजारांचा दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वाद सुरू असताना हप्ता भरून तक्रार वेगळी चालवता येते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाचे ‘बिमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.