माफी आधी कुणी मागायची?

लहानपणापासून कुरआन अरबीत पढत आलो. तिलावतीचा सवाब आहेच. पण साताऱ्यात फजरनंतर मराठी अनुवाद घेऊन रोज थोडे समजून वाचू लागलो, तेव्हा सूरह नूरच्या 22 व्या आयतीवर अडलो.

हजरत अबू बक्र (रजि.) आपल्या गरीब नातलगाला, मिस्तह (रजि.) यांना खर्चाला पैसे देत. लेक हजरत आयशा (रजि.) यांच्यावर खोटा आळ आला, तो पसरवण्यात मिस्तहही होते. अबू बक्रांनी मदत बंद करण्याची शपथ घेतली. तेव्हा ही आयत उतरली, आणि त्यांनी मदत पुन्हा सुरू केली.

माझा चुलतभाऊ सांगलीत राहतो. जमिनीच्या वाटणीत त्याने मला चारचौघांत खोटारडा म्हटले. त्या दिवसापासून त्याच्या मुलाच्या फीला हातभार लावणे मी बंद केले. मुलाचा काय गुन्हा होता?

शेवटी एसटीने निघालो. पेठनाक्यापर्यंत मनात तोरा होता, की मी त्याला माफ करायला चाललोय. पण आयत समोरच्याची लायकी विचारत नाही. तुला स्वतःला अल्लाहची माफी हवी आहे ना, एवढेच विचारते. दारात मीच आधी सलाम केला आणि मुलाबद्दल माफी मागितली. भाऊ गप्पच राहिला. वहिनींनी चहा ठेवला.

वाटणीचा वाद मिटलेला नाही. फी मात्र वेळेवर जाते. कुरआन किती वेळा खतम केला, हे आपण मोजतो. त्यातली एक आयत तरी आपल्या घरात उतरली का, हेही कधी पाहावे.